तिसरी पायरी

बंगळुरात मल्लेश्वरम सर्कलपाशी ड्रायव्हरने एकदम ब्रेक मारला आणि अहल्येचं कपाळ पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर आपटलं. बायकांच्या सीटा जिथं संपतात त्या रांगेत ती बसली होती. मागून कुणाची तरी पिशवी घसरत तिच्या पायाशी आली, कुणीतरी ड्रायव्हरच्या सात पिढ्यांची चौकशी केली, आणि त्या गोंधळात अगदी तिच्या कानामागे एक पुरुषी आवाज समजावणीच्या सुरात कन्नडमध्ये म्हणाला, "अहो, प्रिंटेड वायरिंग तिसऱ्या पायरीवर येऊन बसलंय. आता मागं राहून चालतंय होय?" दुसऱ्याने विचारलं, "कोण म्हणतं?" "कोण म्हणजे? सगळेच म्हणतात." बस पुन्हा सुरू झाली. अहल्येने कपाळाला हात लावला. त्वचा तापल्यासारखी लागत होती, पण रक्त नव्हतं. मागे वळून पाहावं असं तिला फार वाटलं. त्या माणसाचा चेहरा कसा असेल, त्याने कोट घातला असेल का, कारखाना कुठला, यशवंतपूरचा की आणखी कुठला. पण वळून बोलायचं काय? ती पायरी मी काढली. ट्रेसिंग कापडावर, काळ्या शाईने, मागल्या गणपतीच्या आठवड्यात. असं बोलणाऱ्या बाईकडे बसमधले लोक कसे बघतील हे तिला वळल्याशिवायच दिसलं. तिने पायाशी आलेली पिशवी न बघताच मागे सरकवली. मागून "थँक्स अम्मा" आलं. तोच आवाज.

कँटोन्मेंटमध्ये एका फर्निचरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ती नोकरी करत होती ती ब्युरो होती. खाली पॉलिशचा वास आणि वर कागदाचा. ब्युरो दर तीन महिन्यांनी एक अंक काढी, आणि दक्षिणेतले कारखानदार वर्गणी भरून तो मागवीत. परदेशातून येणाऱ्या नव्या पद्धती, नवी यंत्रं, नव्या कल्पना, त्यातली कुठली आपल्याकडे कुठवर पोचली याचा त्यात आढावा असे. मजकूर फार थोडे लोक वाचत. वाचलं जाई ते मधलं पान. त्या पानावर एक जिना होता. चार पायऱ्या: प्रयोगशाळा, चाचणी, स्वीकार, रूढ. प्रत्येक कल्पनेचं नाव कुठल्या ना कुठल्या पायरीवर उभं केलेलं. कारखान्यांना छापील कार्डं जात, त्यावर 'विचार नाही', 'विचाराधीन', 'वापरात' यांपैकी एकावर खूण करून ते परत पाठवीत, आणि त्या खुणांवरून अहल्या नावांच्या जागा ठरवी. फिजिक्सची पदवी घेऊन ती इथं आली तेव्हा हे काम तिला आवडलं होतं. विखुरलेल्या बिंदूंमधून रेष काढण्यासारखं ते होतं. त्यात एक स्वच्छपणा होता. जिन्याची कल्पना ब्युरोचे संचालक हयवदन राव यांची. ते म्हणत, "आलेख दाखवला की माणूस शंका काढतो, अम्मा. जिना दाखवला की आपण कुठल्या पायरीवर आहोत ते शोधायला लागतो."

प्रिंटेड वायरिंगची खरी जागा दुसऱ्या पायरीवर होती. त्याबद्दल अहल्येच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आताही नव्हती. रेडिओच्या आत तारा एकेक करून हाताने जोडायच्या, त्याऐवजी तांब्याची नक्षी एका पट्टीवरच छापायची आणि सगळी पट्टी वितळलेल्या कथलात एकदाच बुडवायची, असं ते प्रकरण. दोन-चार कारखान्यांनी नमुने मागवले होते, एवढंच. पण त्या अंकात दुसऱ्या पायरीवर गर्दी झाली. प्लॅस्टिकचे साचे होते, ध्वनिलहरींनी धातू तपासणं होतं, आणखी दोन लांबलचक नावं होती. स्टेन्सिलची अक्षरं विशिष्ट मापाचीच येतात, लहान करता येत नाहीत. 'प्रिंटेड वायरिंग' लिहायला घेतलं की त्याचा शेवट शेजारच्या नावावर आदळे. तिने दोनदा शाई खरवडून पाहिलं. तिसऱ्यांदा खरवडलं असतं तर कापड फाटलं असतं. वरची पायरी मोकळी होती. तिने नाव तिथं लिहिलं आणि त्याच्यापासून खाली दुसऱ्या पायरीवर येणारा एक बारीक बाण काढला. नकाशात छोट्या गावाचं नाव समुद्रात लिहून गावाकडे रेघ ओढतात तसा. छापखान्यात त्या कापडावरून जस्ताचा ब्लॉक झाला. जस्त ॲसिडमध्ये उतरवतात तेव्हा फार बारीक रेघ तग धरत नाही, खाली कुरतडली जाऊन निघून जाते. बाण निघून गेला. नाव राहिलं.

हे तिने लपवलं नव्हतं. अंक हातात आला त्याच सकाळी ती हयवदन रावांच्या खोलीत गेली होती. ते हॉर्लिक्स पीत होते. त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "कुठला बाण?" "तोच गेलाय सर." "मग जो नाहीच तो मला कसा दाखवतेस?" ते हसले. चांगले, सौम्य गृहस्थ होते, हाताखालच्या माणसावर कधी आवाज चढवला नव्हता. "एका बाणासाठी चूकदुरुस्तीची चिठ्ठी लावली तर लोक बाकीच्या नावांवरही संशय घेतील. पुढच्या अंकात खाली आणू. तीन महिन्यांत काय आभाळ कोसळतंय?" तिलाही ते तेव्हा पटलं होतं. चुकीला मर्यादा असते, ती मोजता येते, पुढल्या मोजणीत दुरुस्त होते, असं ती शिकली होती.

पण पुढच्या अंकाची कार्डं परत येऊ लागली आणि मागल्या वेळी 'विचार नाही' म्हणणारे 'विचाराधीन' म्हणू लागले. आधी एक, मग लागोपाठ. ती टेबलावर कार्डं मांडून बसे आणि मागल्या खुणांशी ताडून बघे. कॉलेजात एक प्रोफेसर थर्मामीटर हातात धरून विचारत, हा पाण्याचं तापमान सांगतो की पाण्याचं आणि स्वतःचं मिळून? तलावात बुडवलात तर काळजी नाही. पण भांडं चमच्याएवढं असेल तर गार थर्मामीटर पाण्यालाच गार करतो आणि मग ते गारपण इमानदारीने मोजून दाखवतो. वर्ग हसला होता. अहल्येने वहीत चमचा काढला होता. आता तिला वाटे की हे सगळं शहर, त्यातल्या भोंग्यांसकट आणि पत्र्यांच्या शेडसकट, एका चमच्यात मावतंय. खात्री करून घ्यायला तिने नव्या कार्डाच्या मसुद्यात एक ओळ वाढवली: ही कल्पना आपल्याला प्रथम कुठून कळली? हयवदन रावांनी ती ओळ तांबड्या पेन्सिलीने हलकेच खोडली. "कुठून शिकलात असं मोठ्या माणसांना विचारायचं नसतं, अम्मा. अपमान वाटतो." मग कार्डांच्या गठ्ठ्यावर बोट ठेवून म्हणाले, "आणि तू उगीच मनाला लावून घेतेस. बघ ना. तुझी चूक ही चूकच नव्हती. तुझ्या हाताला आधी कळलं." त्यांनी हे कौतुकाने म्हटलं. तिने आपल्या हाताकडे पाहिलं. मधल्या बोटाच्या पेरावर शाईचा जुना डाग होता, तो घासूनही जात नसे.

हातावरून तिला नेहमी थोरला भाऊ, अण्णाच आठवे. वडील गेले तेव्हा अण्णा इंटरला होता. कॉलेज सोडून तो यशवंतपूरच्या पलीकडे रेडिओच्या कारखान्यात वायरिंगला लागला, आणि अहल्या शिकली. आता त्या सेक्शनचा तो चार्जहँड, म्हणजे मुकादम होता. रविवारी घरी कुणाकुणाचे रेडिओ दुरुस्त करताना तो तिला शेजारी बसवी. कथलाबरोबर जळणाऱ्या राळेचा धूर नाकात जाई, गोडसर आणि झोंबणारा. तो म्हणे, "अहल्ये, हे बघ, जोड चकाकला की समज बसला. आणि हा बघ, राखाडी. हापण जोडच दिसतो, वीजपण जाते यातनं. आज जाते. पण हा आतून बसलेलाच नाही. कधी सुटेल सांगता येत नाही." मग तारेला चिमट्याने हलका हिसका देई. ती डोळे मिटून घेई. तार सुटली नाही की दोघं हसत. एवढ्याशा खेळात किती सुरक्षित वाटे. आता कार्डांवर खुणा बघताना तिला तो हिसका आठवे, आणि ती खूण ओढून पाहता येत नाही याची चीड येई. प्रत्येक खूण चकाकत होती.

बसमधलं ते वाक्य दिवसभर कपाळात ठणकत राहिलं. अंकात छापलं होतं तोवर ते तिचं होतं, ब्युरोचं होतं, निदान एका पानाचं होतं. 'सगळेच म्हणतात' झाल्यावर ते कुणाकडून परत मागायचं?

त्या रविवारी घरी अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलायचा कार्यक्रम होता. डिसेंबर उतरत आला की बंगळुरात घरोघरी हेच. दाणे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी एकेक चिमटीत धरून दाबायचा. दाणा सालीतून टुणकन उडतो आणि बोटांना तो हिरवट, तेलकट वास दिवसभर राहतो. अण्णा, वैनी आणि अहल्या परातीभोवती बसले होते. अनुसूया वैनी धारवाडची. इतक्या वर्षांत तिला ही हौस पटली नव्हती. "सालासकट खाल्लं तर काय वकील नोटीस पाठवतोय?" ती दरवर्षी म्हणे आणि सगळ्यांत भराभर सोली.

"अहल्ये," अण्णा म्हणाला, "स्वल्प काम आहे तुझ्याकडे. तुझ्या सायबाला एक विचारशील?"

"काय?"

"ते प्रिंटेड वायरिंग. आमच्या मॅनेजरच्या टेबलावर काचेखाली तुमचा जिना लावलाय. कथलाची टाकीपण आणून ठेवलीय. आमचा सेक्शन राहायचा नाही म्हणे. हुबळीच्या डेपोत दुरुस्ती खात्याला एक जागा आहे, मला विचारलंय. शनिवारपर्यंत हो की नाही सांगायचं. हो म्हटलं तर इथलं संपलं. नाही म्हटलं आणि उद्या सेक्शन बंद पडला, तर तेपण नाही आणि हेपण नाही. खरं किती त्यात, तेवढं सांग. तू सांगशील तसं करतो."

"माझं माहेर तासाभरावर येईल," वैनी परातीत बघत म्हणाली. "पण माझं काही नाही हं. मी आपलं सांगून ठेवते."

"ऐक! हिचं काही नाही," अण्णा म्हणाला. "ट्रंक तेवढी झटकून ठेवलीय."

अहल्येच्या चिमटीतला दाणा उडून चुलीकडे गेला. तिला एकदम असं वाटलं की खोलीची हवा कुणीतरी काढून घेत आहे, प्रयोगशाळेत काचेच्या बेल जारमधली काढतात तशी, आणि वैनीचं हसू दिसतंय पण ऐकू येत नाही. ती म्हणाली, "अण्णा, तो जिना मी काढते."

"तू?" त्याचे हात थांबले. "तू काढतेस? त्या ऑफिसात तू टायपिंग करतेस म्हणून मी सांगत फिरलो सगळीकडे!"

"ऐक ना. ते नाव तिथं नाहीच. दुसऱ्या पायरीवर जागा नव्हती म्हणून मी वर लिहिलं. बाण काढला होता. तो ब्लॉकमध्ये गेला." तिने परातीच्या कडेवर सालं मांडून दाखवलं. हे नाव, हे शेजारचं, ही मोकळी पायरी. सालं ओली होती, एकमेकांना चिकटत होती. बोलता बोलता तिचं तिलाच ते विचित्र वाटू लागलं, स्वप्न सांगताना वाटतं तसं.

अण्णाने सगळं ऐकून घेतलं. मग तो हसायला लागला. "जागा नव्हती म्हणून पायरी चढवली? अय्यो! एवढे शिकलेले लोक, मद्रासपर्यंत अंक जातो, आणि जागा नव्हती?"

"खरंच अण्णा."

"सरी, सरी, बरं." त्याने हसणं आवरलं आणि तिच्याकडे बघितलं. वडील गेले त्या आठवड्यात तो तिच्याकडे असाच बघायचा. "मी जाऊ नये म्हणून सांगतेस तू हे. कळतं मला. पण बाई, कथलाची टाकी आलीय. मी डोळ्यांनी बघितली. ती काय बाणामुळे आली?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तिला स्वतःलाही पुरतं पटलेलं नव्हतं. कारण बाण राहिला असता तर टाकी आली नसती का? की दोन वर्षांनी आलीच असती? की पुण्याच्या, मुंबईच्या कारखान्यांत ती केव्हाच आली असेल आणि इथं यायला फक्त एका पानाची वाट बघत असेल? हे तपासायचं तर दुसरं एक बंगळूर हवं होतं, तेच रस्ते, तोच मॅनेजर, तोच अण्णा, आणि टेबलाच्या काचेखाली बाण असलेला जिना. एवढी साधी गोष्ट कुठल्याही प्रयोगात मिळते. इथं मिळत नव्हती. मान खाली घालून ती दाणे सोलू लागली. "मग काय करू?" अण्णाने विचारलं. टाकी खरी होती. त्याला थांबवलं आणि सेक्शन बंद पडला, तर तोही तिचाच हात. जा म्हटलं, तरी तिचाच. परातीत सालं पडल्याचा ओला आवाज येत होता. "टाकी आली असेल तर जा," ती म्हणाली. ते खरं होतं. तिच्या तोंडून निघालेलं ते दिवसभरातलं सगळ्यात निर्विवाद वाक्य होतं, आणि ते उच्चारताना तिला जिभेवर राळेच्या धुराची चव आली.

सोमवारी अण्णाने कारखान्यात सांगितलं की जिना आपल्या सख्ख्या बहिणीने काढलाय. हे त्याने संध्याकाळी स्वतःच आनंदाने सांगितलं. "सगळे गप्प झाले बघ. यल्लाप्पा तर म्हणाला, मग राहिलंच काय, घरातनंच बातमी आली. तोपण नाव देतोय दुसऱ्या खात्यात. अजून चौघं देतील." वैनीने त्याला ताट वाढलं. अहल्या उंबऱ्यात उभी होती. वायरिंगच्या लांब टेबलाशी ओळीने बसलेली माणसं तिने एकदाच पाहिली होती, लहानपणी आयुधपूजेला, यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या तेव्हा. आता त्या ओळीतून एकेक माणूस उठताना तिला दिसू लागला, आणि जसजशी बाकं रिकामी होत होती तसतशी टाकी जास्त गरजेची होत होती. कुणीही कुणाला फसवत नव्हतं. सगळेजण आपापल्या जागी शहाणपणानेच वागत होते.

अण्णा संक्रांत झाल्यावर गेला. यशवंतपूरला संध्याकाळच्या गाडीत बसवायला ती आणि वैनी गेल्या होत्या. घराचं भाडं उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवायचं, मग वैनी त्याच्याकडे जाणार आणि अहल्या चिक्कपेटेतल्या तानूबाई मावशीकडे, असं ठरलं होतं. अण्णाने कथलाने तारा जोडायची आपली इस्त्री आणि चिमटे एका फडक्यात गुंडाळून घेतले होते. खिडकीतून तो म्हणाला, "घरचा रेडिओ खरखरला तर तो डाव्या बाजूचा जोड बघ. मी घाईत केलाय तो." गाडी हलली तेव्हा वैनी रडली आणि अहल्येला रडू आलं नाही. तिची नजर शेजारच्या रुळावर उभ्या मालडब्यावर होती. त्याच्यावर खडूने एक बाण काढलेला होता, हमालांसाठी असेल, आणि तो कुठलीच जागा दाखवत नव्हता, नुसता उजवीकडे.

नव्या अंकाचं पान करायची वेळ आली तेव्हा हयवदन रावांनी तिला बोलावलं. तिचा चेहरा त्यांना काही दिवस बरा दिसत नव्हता. त्यांनी हॉर्लिक्सचा दुसरा पेला मागवला, तिच्यापुढे ठेवला. "अम्मा, त्या नावाचा तुला त्रास होतोय ना? या वेळी तू ठरव. खाली आणायचंय? आण. मी एक अक्षर बोलणार नाही."

एवढं सोपं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ती टेबलाशी आली. ट्रेसिंगचं कोरं, निळसर कापड तिने फळीवर ताणून बसवलं, चार पायऱ्या आखल्या. खिडकीतून खालचा पॉलिशचा वास येत होता. तिने कार्डांचा गठ्ठा पुढे ओढला. आज तरी ती फक्त कार्डं वाचणार होती. थर्मामीटर, चमचा, बस, काही मनात आणायचं नाही. जे लिहिलं आहे तेवढंच. वरून तिसरं कार्ड अण्णाच्या कारखान्याचं निघालं. 'वापरात' वर खूण होती. खाली 'शेरा' या जागी मॅनेजरने नीट अक्षरांत लिहिलं होतं: हाताने वायरिंग करणारा विभाग बंद केला, अनुभवी माणसे आपण होऊन इतरत्र गेली. त्या ओळीत एकही शब्द खोटा नव्हता. तिने कार्ड ओढून पाहावं तसं दोन्ही टोकांना धरलं. ते तसंच राहिलं.

दुसऱ्या पायरीवर या वेळी गर्दी नव्हती. साचे वर सरकले होते, लांब नावांपैकी एक गळालं होतं. दोन नावं मावतील एवढी मोकळी जागा होती तिथं. ती त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिली. नाव तिथं लिहिलं तर ते आता खोटं होणार होतं.

तिने पेनात शाई भरली, स्टेन्सिल तिसऱ्या पायरीच्या बरोबर मधोमध लावलं आणि लिहायला सुरुवात केली. अक्षरं एकामागून एक उतरत गेली. ती कुठंही आदळली नाहीत.